नोव्हेंबरअखेर राजगड ते तोरणा एका दिवसात, सोबत ५८ वर्षांचे बाबा. जमेल का?

कोथरूडची_भटकी

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा विचारतेय. नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी राजगड ते तोरणा धारेवरून एका दिवसात करायचा बेत आहे. मी, मावसभाऊ आणि बाबा. बाबा ५८ चे आहेत, दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढतात, तासाभरात वर असतात, त्यामुळे दमाचा प्रश्न नाही, पण उतरताना डावा गुडघा कुरकुरतो आणि ते हे मान्य करत नाहीत हा खरा प्रॉब्लेम आहे. कॉलेजात असताना, १९८९ ला, हंटर शूज घालून त्यांनी हाच ट्रेक केला होता आणि तेव्हापासून "संजीवनीवरून निघालो की चार तासात बुधला" हे वाक्य (संजीवनी ही राजगडाची माची म्हणजे तटबंदीची सोंड, बुधला ही तोरण्याची) आमच्याकडे प्रत्येक दिवाळीला फराळाबरोबर येतंच. मावसभाऊ मुंबईचा, जिमवाला, डोंगराचा अनुभव म्हणजे एकदा कळसूबाई आणि तोही पावसाळ्यातल्या रांगेत उभं राहून.

तर विचारायचं होतं की थंडी किती असते, जाड जॅकेट लागेल का, पाणी वाटेत मिळतं का, आधी राजगड करावा की आधी तोरणा, आणि शनिवारी रात्री गडावरच पद्मावतीच्या देवळात झोपलो तर सोपं पडेल का. आई म्हणतेय की नाही म्हणून सांगा म्हणजे विषय मिटेल. पण खरं काय ते सांगा.

सोंडेवरून_खाली

ताई, थंडीचं आधी सांगतो कारण ते सोप्पं आहे. लोकांना वाटतं वर गडावर जास्त गारठा, खाली गावात कमी. पहाटे बऱ्याचदा उलटं असतं. वारा नसेल तर रात्री गार हवा डोंगरावरून ओघळून खोऱ्यात साचते, त्यामुळे राजगडाच्या पायथ्याला गुंजवणं, पाली आणि तोरण्याच्या पायथ्याला वेल्हे इथं पहाटे पाचला हात खिशातून बाहेर काढवत नाही आणि तासभर चढून वर आलात की उबदार वाटायला लागतं, खाली बघावं तर सगळं खोरं धुक्यानं भरलेलं. वर त्रास असतो तो वाऱ्याचा. संजीवनीच्या तटावर आणि पुढं धारेवर दोन्ही बाजू मोकळ्या, घामानं ओला झालेला टीशर्ट आणि त्यावर बोचरा वारा, मग हुडहुडी भरते. म्हणून फुल बाह्यांचा सुकणारा टीशर्ट, वर एक विंडचीटर, कानटोपी, बास. जाड जॅकेट नेलंत तर साडेनऊला काढाल आणि मग दिवसभर पाठीवर हमालासारखं वाहाल. एक कोरडा टीशर्ट मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्याच.

आता मुख्य मुद्दा. या ट्रेकमध्ये थंडी नडत नाही, दिवस लहान असतो तो नडतो. त्या आठवड्यात सूर्य उगवतो पावणेसातच्या आसपास आणि सहाच्या आत बुडतो, म्हणजे उजेड सव्वाअकरा तासांपेक्षासुद्धा कमी. आणि गावातून राजगड, मग माची, मग धार, तोरणा आणि वेल्ह्यात उतरणं हे सगळं धरून बऱ्या चालीच्या लोकांना दहा-अकरा तास लागतात, रमतगमत बारा सहज. म्हणजे गणित सुरुवातीलाच काठावर आहे. काकांचे चार तास खोटे नाहीत, पण ते बाविशीतले चार तास आहेत.

म्हणून निघायचं अंधारात. गुंजवण्यातून चोर दरवाज्याची वाट जवळची आहे पण शेवटचा कातळटप्पा रेलिंगला धरून चढायचा, नवख्याला घेऊन अंधारात तो मला आवडत नाही. तुम्ही पाली दरवाज्यानं जा, राजमार्ग आहे, पायऱ्या आहेत, टॉर्चच्या उजेडातसुद्धा वाट सुटत नाही. साडेचार-पाचला खालून निघालात तर सूर्योदय वर मिळेल. बालेकिल्ला, सुवेळा माची, नेढं (कातळातलं आरपार भोक) यातलं काहीही त्या दिवशी करायचं नाही, हे काकांकडून आधी कबूल करून घ्या. संजीवनी माची एकटीच जवळजवळ अडीच किलोमीटर आहे, तिथं चिलखती बुरूज बघत बसलं की तास कुठं गेला कळत नाही. नऊच्या आत संजीवनीवरच्या आळू दरवाज्यातून बाहेर पडायचं.

तिथून वाट तटाखालून जाते आणि मग धारेवर उतरते. दीड-दोन तासात खिंडीतला डांबरी रस्ता लागतो. हा रस्ता लक्षात ठेवा, अख्ख्या ट्रेकमध्ये सोडून द्यायची हीच एक बरी जागा आहे. खिंडीत बारा वाजायच्या आत पोचलात तर पुढं, बारानंतर पोचलात तर रस्त्यानं सरळ वेल्ह्याला. वेल्ह्यातली एखादी गाडी आधी सांगून ठेवा. पुढच्या टप्प्यात चढउतार, झाडी, मग बुधल्याचा चढ आणि शेवटी हात लावून चढायचा कातळ, त्याला तीन तास लागतात, चारही लागतात, आणि मध्ये खाली उतरायला धड वाट नाही.

पाणी माणशी चार लिटर. राजगडाच्या पद्मावती माचीवर टाकं आहे, विकतचंही मिळतं, पण आळू दरवाजा सोडला की भरवशाचं पाणी नाही. खिंडीच्या आसपास सुट्टीच्या दिवशी ताकवाले मावशी-मामा बसतात, बसले तर नशीब समजा, त्यांच्या भरवशावर बाटली रिकामी करू नका.

कोल्हापुरी_चप्पल

लय विचार कराय लागलाय राव. आमी सात जण गेल्तो डिसेंबरात, सकाळी सातला निघालो, रात्री आठला वेल्ह्यात हॉटेलात मिसळ खाल्ली (मिसळीबद्दल मी काय बोलत नाही, कोल्हापूरचा माणूस हाय, वाद नको). बाबास्नी घेऊन जावा बिनधास्त, सिंहगड तासात चढणारा माणूस हाय त्यो. फक्त मोजे जुने घाला. कुसळं एवढी घुसत्यात की मोजे घरी न्यायच्या लायकीचे राहत नाहीत, आमच्यातल्या एकानं ते वेल्ह्यातच सोडून दिले.

चुकलेली_वाट

@कोल्हापुरी_चप्पल दादा, सातला निघून आठला पोचलात म्हणजे शेवटचे दोन तास अंधारात उतरलात, ते सांगा की.

ताई, माझा अनुभव लिहिते. काही वर्षांपूर्वी एका ग्रुपबरोबर गेले होते, नाव घेत नाही, बेचाळीस माणसं होतो. बस उशिरा आली, नाश्ता उशिरा झाला, आळू दरवाज्यातून बाहेर पडलो तेव्हाच साडेअकरा. पुढं एक लीडर, शेवटी एक लीडर, मधली तीसेक माणसं देवाच्या भरवशावर. खिंडीत दोन वाजले होते आणि एक मुलगी रडायला आली होती, पण "आता झालंच, अजून थोडं" करत सगळ्यांना पुढं काढलं. पुढच्या कारवीत आम्ही सहा जण एका ढोरवाटेनं खाली गेलो, छान मळलेली वाट होती, गुरांनी मळलेली. अर्ध्या तासानं ती वाट झुडपात संपली. परत वर यायला पाऊण तास. बुधल्यावर पाय ठेवला तेव्हा सूर्य बुडत होता, फोटो मात्र फार सुंदर आलेत.

मग तोरण्याच्या बिनी दरवाज्यानं उतरणं. बेचाळीस जणांत टॉर्च होते नऊ. बाकीचे मोबाईलवर, आणि मोबाईल हातात धरला की रेलिंग धरायला एकच हात उरतो, शिवाय थंडीत बॅटरी झपाझप उतरते. रेलिंगचं लोखंड इतकं गार की धरवत नव्हतं. लीडर दर वेळी "पंधरा मिनिटं" म्हणायचा, अशी पंधरा मिनिटं तीन तास चालली. पावणेअकराला वेल्ह्यात. कोणाला काही झालं नाही म्हणून आज हसत लिहितेय. माणशी एक हेडटॉर्च, आणि बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

उलटी_दिशा

मी सगळ्यांच्या विरुद्ध सांगणार आहे. तोरण्यापासून सुरू करा. वेल्ह्यातून ताज्या पायांनी तोरणा चढायचा, मग धार, आणि शेवटी राजगडावरून पाली दरवाज्याच्या पायऱ्यांनी उतरायचं. बाबांचा गुडघा उतारावर दुखतो ना, मग दिवसाचा शेवटचा उतार पायऱ्यांचा असलेला बरा की बिनी दरवाज्याचा?

सोंडेवरून_खाली

मुद्दा पटण्यासारखा आहे पण एक गोष्ट राहिली. तोरण्याकडून आलात की बुधल्याचा घसारा उतरावा लागतो, तोही सकाळी, गवतावर दहिवर असताना. नोव्हेंबरात ते गवत कंबरेएवढं वाढून आडवं झालेलं असतं, वरून सोनेरी मऊ दिसतं आणि खाली मुरूम. पावसातल्या चिखलावरून घसरतो तसं नाही हे, सायकलच्या छर्ऱ्यांवर पाय ठेवल्यासारखं होतं. चढताना पाय घसरला तर माणूस गुडघ्यावर येतो, उतरताना बसतो किंवा सुटतो. गुडघेदुखीवाल्याला मी तो चढायलाच लावेन. शिवाय तुमच्या दिशेनं दिवसाच्या शेवटी आळू दरवाज्याचा चढ आणि पुढं अख्खी संजीवनी, तेव्हा पायात काही उरलेलं नसतं.

हां, राजगडाकडून आलं की दुपारनंतर ऊन तोंडावर येतं हे खरं, तोरणा पश्चिमेला आहे. टोपी कपाळावर ओढायची, दुसरं काय.

उलटी_दिशा

दहिवराचं मान्य. पण मी तीनदा केलाय आणि तिन्ही वेळा उलटाच केलाय, त्यामुळे आता दिशा बदलली तर नाव बदलावं लागेल.

मावळातले_अण्णा

पोरी, बाबांना माझा नमस्कार सांग. आम्हीही हंटर शूजवालेच, तळ झिजला की टायर कापून लावायचे दिवस.

दोन गोष्टी कोणी बोललं नाही. पहिली म्हणजे आग्या मोहोळ. या दिवसांत गडांच्या कड्यांना, दरवाज्यांच्या कमानींना पोळी लटकलेली असतात. अत्तर, सेंट, डोक्याला वासाचं तेल काही लावू नका, आरडाओरडा नको, आणि धूर तर अजिबात नको. तुझा भाऊ जिमचा आहे म्हणतेस, त्याला सांग डिओ घरी ठेव. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत, तोंड झाकायचं आणि लगेच तिथून लांब व्हायचं.

दुसरी गोष्ट विस्तवाची. गवत वाळलेलं, वारा सुटलेला, एक विडी किंवा चहाची चूल पुरते, अख्खी सोंड काळी होते. वणवा लागला की उतारावरून तो वर पळतो, माणसापेक्षा जोरात. थर्मासमधून चहा न्या.

मुक्कामाचा विचार सोडा. पुरातत्त्व खात्यानं राजगडावर रात्री राहायला मनाई केलीय आणि २०२५ च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यात राजगड आहे, आता लक्ष जास्तच राहणार. तोरणा त्या यादीत नाही, त्याचं मला थोडं वाईट वाटतं. खाली गावात कोणाच्याही ओसरीवर शनिवारी रात्री झोपा, भाकरी-पिठलं मिळेल, पैसे विचारून द्या.

आणि वेळेच्या गडबडीत बघायचं राहू देऊ नका. संजीवनीवरून दक्षिणेला भाटघरचं पाणी दिसतं, उत्तरेला गुंजवणी धरणाचं. हवा स्वच्छ असेल तर तोरण्यावरून पश्चिमेला लिंगाणा आणि रायगड. तोरण्यावर सापडलेलं धन राजगड बांधायला लागलं असं बखरी सांगतात, म्हणजे तुम्ही घराकडून तिजोरीकडे चालत जाणार. बाबांना दोन्ही हातात काठी द्या. एक नाही, दोन. एक काठी घेतली की माणूस तिच्यावर एका बाजूनं रेलतो आणि दुसरा गुडघा दुखायला लागतो, हे मी माझ्यावरून सांगतो.

कोथरूडची_भटकी

सगळ्यांना खूप धन्यवाद! बाबांना सगळं वाचून दाखवलं. काठ्यांवर म्हणाले "म्हातारा झालो की घेईन", मग अण्णांचा नमस्कार वाचला आणि गप्प बसले, काल ऑनलाईन मागवल्या आहेत. बारा वाजताचा नियम आईसमोर कबूल करून घेतलाय. डिओ जप्त. पाली दरवाज्यानं जातोय.

कोल्हापुरी_चप्पल

फोटो टाका. आणि मोजे जुने!

कोथरूडची_भटकी

जाऊन आलो. लांबलचक लिहिणार आहे, घाईत असाल तर शेवटाला जा.

शनिवारी रात्री पालीत एका घराच्या ओसरीवर झोपलो. मावसभावाच्या घड्याळात पहाटे ११ अंश दाखवत होतं आणि त्याचे दात वाजत होते, घरातल्या आजीनं त्याच्या अंगावर घोंगडी टाकली, ती त्यानं अंगाखाली घेतली. पाचला निघालो. सोंडेवरून_खाली म्हणाले तसंच झालं, अर्ध्या वाटेत विंडचीटर निघाले आणि वर पोचलो तेव्हा खाली पांढरंशुभ्र दूध सांडल्यासारखं धुकं, त्यातून फक्त डोंगरांचे माथे वर. कोणी काही बोललं नाही दहा मिनिटं. बाबासुद्धा नाही.

गडबड झाली ती संजीवनीवर. नियम बालेकिल्ल्याचा आणि सुवेळेचा होता, संजीवनीचा नव्हता असं बाबांचं म्हणणं. इथं आम्ही खिचडी केली, इथं अमक्याची वॉटरबॅग दरीत गेली, या बुरुजात रात्री वारा इतका होता की आम्ही पाच जण दोन चादरीत. १९८९ चा एकेक दगड त्यांना आठवत होता. मला घड्याळ दिसत होतं पण थांबवायला जीभ रेटेना. आळू दरवाजा ओलांडला तेव्हा नऊ पन्नास.

धार मात्र अशी आहे ना की मी शब्दात काय सांगू, दोन्ही बाजूंना दरी आणि मधोमध पिवळ्याधमक गवतातून बोटभर वाट आणि समोर तोरणा, आणि कितीही चाललं तरी तो तिथंच. वारा कानात नुसता भरून राहिलेला. छर्ऱ्यांची उपमा शंभर टक्के खरी निघाली. पहिला मावसभाऊ बसला, मग मी बसले, बाबा दोन काठ्यांवर ऐटीत आमच्याकडे बघत पुढं गेले आणि पुढच्याच वळणावर तेही बसले. हसून हसून पुरेवाट. पण उठताना त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला आणि मी बघितलंय हे त्यांना कळलं.

खिंडीत पोचलो बारा पंचवीसला. ताकवाल्या मावशी होत्या! तीन-तीन ग्लास. मग बाबा उठले आणि सॅक पाठीला लावून रस्ता ओलांडायला लागले. मी म्हटलं बाबा, बारा. ते म्हणाले पंचवीस मिनिटांनी काय होतंय, समोर तर दिसतोय. मावसभावाच्या बुटात अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं पण तो बिचारा कुणाची बाजू घ्यावी म्हणून ताकाच्या ग्लासात बघत बसलेला. शेवटी मावशीच बोलल्या, "दादा, आत्ता गेला तर उतरताना अंधार होनार. आमची मानसं बी नाय जात." लेकीचं ऐकलं नसतं, मावशींचं ऐकलं. सॅक काढली आणि गाडी येईपर्यंत तोरण्याकडे पाठ करून बसले.

वेल्ह्यापर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. दोनला आम्ही पिठलं-भाकरी खात होतो, बाहेर बाकड्यावर, समोर अख्खा तोरणा उन्हात. हॉटेलवाल्यानं विचारलं कुठून आलात, बाबा म्हणाले राजगडावरून, धारेनं. तो म्हणाला मग तोरणा झाला का? बाबा म्हणाले, "राहिलाय." आणि दुसरी भाकरी मागितली.

गुडघा दोन दिवस सुजला होता, शेक देऊन आता बराय. मोजे तिघांचेही गेले.

सोंडेवरून_खाली

वा. खिंडीत वळलात हे वाचून फार बरं वाटलं. वीस वर्षांत तिथून वळलेली माणसं मला बोटावर मोजण्याइतकीच माहीत आहेत, त्यात मी दोनदा आहे.

चुकलेली_वाट

त्या मावशींना आमच्या बेचाळीस जणांच्या वेळी सुट्टी होती बहुतेक.

मावळातले_अण्णा

बाबांना विचार, काठ्या कशा वाटल्या.

कोथरूडची_भटकी

अण्णा, काठ्या दाराजवळच्या स्टँडमध्ये छत्र्यांच्या शेजारी उभ्या आहेत. काल त्यांच्या टोकांचे रबर बदलून आणलेत. १४ डिसेंबरच्या रविवारवर कॅलेंडरात बारीक "वे." लिहिलेलं सापडलंय, म्हणजे वेल्हे, आणि आईला अजून वाटतंय की ते गॅस सिलिंडरचं वेटिंग आहे.